ग्रंथपाल करिता

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक गोल लाकडी मुठीचा शिक्का होता. त्यावर एकच शब्द होता, 'ग्रंथपाल'. परीक्षेचा अर्ज भरताना किंवा कॉलेज सोडताना विद्यार्थ्याकडे एकही पुस्तक बाकी नाही असा दाखला लागतो. त्या दाखल्यावर हा शिक्का बसे आणि शिक्क्याच्या वर सही येई. सतरा वर्षं ती सही बेबीबाई राठोडांची होती. सही आणि शिक्का यांच्या मधल्या जागेत त्या दरवेळी आणखी एक लहानसा शब्द लिहीत, 'करिता'. म्हणजे ही सही ग्रंथपालाची नाही, ग्रंथपालाच्या वतीने केलेली आहे. सरकारी कागदाची ही रीतच आहे. तिच्यात कुणाचा अपमान नाही. पण तो शब्द न लिहिता एकदा तरी सही करावी, एवढी एकच इच्छा त्या बाईंनी मनात धरली होती आणि ती त्यांनी मला सांगितली होती. म्हणून हे लिहिते आहे.

बेबीबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तो दिवस माझ्या वहीत आहे. गुरुवार, ४ ऑगस्ट १९९४. माझे यजमान या कॉलेजात इतिहास शिकवीत आणि आमचं घर कॉलेजच्या फाटकासमोरच होतं, अजूनही आहे. कॉलेज लहान. इंझोरीच्या बाजूने एसटी येते ती फाटकाशी थांबते, मुलं उतरतात आणि माळावरच्या दोन इमारतींत जाऊन बसतात. तिथले शिपाई उदयसिंग राठोड त्या मे महिन्यात काविळीने गेले. त्यांच्या जागी त्यांच्या बायकोला घ्यायचं ठरलं. दहावी झालेली, एकोणतीस वर्षांची, तीन वर्षांची रीता कडेवर. अर्ज लिहून द्या म्हणून ती आमच्याकडे आली. नाव विचारलं तर म्हणाली, "बेबी सोमला राठोड. सोमला माया बापाचं नाव. नवऱ्याचं लावू का बापाचं, मॅडम?"

मी आयुष्यात एक दिवसही कुठे शिकवलेलं नाही. पण त्या दिवसापासून मी तिची मॅडम झाले ती आजतागायत.

तिला ग्रंथालयात परिचर म्हणून घेतलं. पुस्तकं पुसायची, उधईचं, म्हणजे वाळवीचं, औषध मारायचं, खाकी कागदाची कव्हरं घालायची, खिडकीवर मागणीची चिठ्ठी आली की आतून पुस्तक काढून आणायचं. ग्रंथपाल होते दौलतराव सर. शिस्तीचे, थोडे तिरसट, पण हाताखालच्या माणसाला काम शिकवण्यात कंजूष नव्हते. त्यांनी तिला दाखल नोंदवही शिकवली. ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक या वहीत एका ओळीत उतरतं, आणि ती ओळ मग कायमची.

पहिल्याच वर्षी बेबीबाईंनी एका ओळीत दोन पुस्तकांचे क्रमांक उलटसुलट लिहिले. घाबरून ब्लेडने खरवडून दुरुस्त केले. दौलतरावांनी वही उजेडाला धरली, पातळ झालेला कागद दिसला आणि ते भडकले.

"हे काय करून ठेवलं, बाई?"

"चुकलं होतं सर. बराबर केलं."

"बराबर नाही केलं, लपवलं. या वहीत खोडायचं नाही, खरडायचं नाही. चुकीचं आहे तसंच राहू द्यायचं. बाजूला लाल शाईनं 'नजरचुकीने' लिहायचं, बरोबर काय ते लिहायचं आणि सही ठोकायची. समजलं?"

"सही तुमची का माई?"

"ज्याची चूक त्याची सही. पण तू ग्रंथपाल नाहीस, म्हणून माझी," असं म्हणून त्यांनी सही केली. टेबलाच्या खणात एक लाल पेन दोऱ्याने बांधून ठेवलेलं असे, ते वापरलं. हा प्रसंग बेबीबाई इतक्या वेळा सांगत की मला तो माझ्या डोळ्यांसमोर घडल्यासारखा वाटतो.

दौलतराव ३१ जुलै २००८ ला निवृत्त झाले. पद रिकामं झालं आणि भरती बंद होती. कागदावर कॉमर्सच्या एका सरांकडे ग्रंथालयाचा प्रभार दिला. ते सज्जन होते, पण ग्रंथालयात महिन्यातून एकदा येत, तेही पंखा चांगला आहे म्हणून. काम सगळं बेबीबाईंवर आलं. तोपर्यंत त्यांनी मुक्त विद्यापीठातून बीए केलं होतं. ऑफिसातले कारकून जानराव त्यांना म्हणाले, "बेबीबाई, सह्या आता तुमीच करत जा. सर काय दर वेळी सापडणार नाहीत. फक्त शिक्क्याच्या वर 'करिता' लिहायचं विसरू नका, नाहीतर ऑडिटवाला मले टांगन."

"करिता म्हणजे?"

"म्हणजे ग्रंथपालासाठी तुमी सही केली."

"पण ग्रंथपाल हाय कोठी?"

"कागदावर हाय ना!"

संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून त्यांनी हे सगळं जानरावांचा आवाज काढून ऐकवलं. आम्ही दोघं हसलो, त्याही हसल्या. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "मॅडम, त्यासाठी काय शिकाव लागते?"

इथून पुढची दहा वर्षं त्या शिकत होत्या. आधी ग्रंथालयशास्त्राची पदवी. पुस्तकं इंग्रजीत, म्हणून दर गुरुवारी त्या माझ्याकडे येत. माझं इंग्रजी शाळेतल्या नन बायकांनी घोटून घेतलेलं, पण ग्रंथालयशास्त्रातलं मला काही कळत नव्हतं. मी शब्दाचा अर्थ सांगायची, ग्रंथालयात तो कशाला म्हणतात ते त्या सांगायच्या. असं दोघींनी मिळून ते शास्त्र शिकलो म्हणा. कुठल्या विषयाचं पुस्तक कुठल्या कपाटात ते ठरवणारे वर्गीकरणाचे आकडे त्यांना चटकन पाठ झाले. एकदा स्वयंपाकघरात माझे डबे बघून म्हणाल्या, "तुमची हळद इतिहासात जाऊन बसली मॅडम, तिले तिच्या नंबरावर आणा."

पदवी झाली तर कळलं, कॉलेजच्या ग्रंथपालाला पदव्युत्तर लागतं. तेही केलं. मग कळलं, त्यावर पात्रता परीक्षा लागते. अमरावतीला केंद्र होतं. चार वेळा त्या एसटीने पहाटे गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. तिसऱ्या वेळी दारावरच्या माणसाने अडवलं, "पालकांनी बाहेर थांबायचं." त्यांनी हॉल तिकीट दाखवलं. तो म्हणाला, "सॉरी, आजी." त्यावर त्या म्हणाल्या, "आजी नाई झाली अजून, पोरीचं लगन व्हाचं हाय." हे सांगताना हसायच्या. निकाल सांगताना मात्र हसायच्या नाहीत. दर वेळी थोडक्यात राहायचं. चौथ्यानंतर त्यांनी पुस्तकं मला आणून दिली आणि म्हणाल्या, "ठेवा तुमच्याजवळ. घरी दिसले का जीव तिकडे जाते."

मी ठेवली. माझे यजमान त्याच वर्षी गेले. त्यांच्या पुस्तकांशेजारी ती पुस्तकं अजून आहेत.

परीक्षेचं सोडून द्या. ग्रंथालय त्यांनी कसं चालवलं ते सांगते.

खिडकीशी मूल आलं की त्या चिठ्ठी वाचायच्या आधी चेहरा वाचत. "हे पुस्तक तुले जड जाईन. आधी हे नेय, मंग ते." एखाद्या मुलाने बोटाला थुंकी लावून पान उलटलं तर खिडकीतून आवाज यायचा, "मायच्या पोळीलेबी असाच हात लावतं का रे?" वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुली या खिडकीशी तासतास बोलत उभ्या राहत.

त्यांची एक रीत कुठल्याही नियमात नव्हती. पोहरादेवीकडच्या तांड्यांवरची बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. आईबापांबरोबर काही मुलीही जात आणि एकदम परीक्षेलाच परत येत. पुस्तक सात दिवसांसाठी मिळतं. नियमाने या मुलींना काही देता येत नव्हतं. बेबीबाई स्वतः लहानपणी दोन हंगाम कोयत्यावर गेल्या होत्या. त्या मुलींना पुस्तकं पाच महिन्यांसाठी देऊन टाकत. पुस्तकाच्या मागे एक कार्ड असतं, पुस्तक गेलं की ते कार्ड ग्रंथालयात राहतं आणि त्यावर परतीच्या तारखेचा शिक्का मारतात. दर शनिवारी अकराची घंटा झाली की बेबीबाई ती कार्डं पेटीतून काढत आणि प्रत्येकावर पुढच्या शनिवारची तारीख मारत. पुस्तक कुठे तरी सांगलीकडच्या फडात पाचटाच्या खोपीत, आणि कार्ड इथे, दर आठवड्याला मुदत वाढवून घेत असलेलं. शेजारी सही, सहीखाली 'करिता'.

"एखादं आलं नाही तर?" मी विचारलं होतं.

"येते मॅडम. भिजून येते, काळं होऊन येते, पण येते."

एकदा बाहेरून तपासणी समिती आली होती. माजी प्राध्यापकांच्या कुटुंबीयांना बोलावलं होतं म्हणून मीही होते. समितीतल्या एका बाईंना ग्रंथालय फार आवडलं. "ग्रंथपाल कोण?" त्यांनी विचारलं. कॉमर्सचे सर पुढे झाले. त्यांना शाल मिळाली. बेबीबाई कपाटाच्या कडेला उभ्या होत्या, हातात फडकं होतं. परत जाताना मी काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, "शाल सरले शोभते. माया साडीवर तो रंग गेला नसता." मग फाटकाशी थांबून म्हणाल्या, "एक डाव करिता न लिहिता सही कराव वाटते मॅडम. फक्त एक डाव. मंग देल्ली सोडून."

आता गेल्या जूनचं सांगते.

बेबीबाईंची निवृत्ती ३० जून २०२५ ला होती. योगायोगाने त्याच दिवशी नव्या ग्रंथपाल रुजू होणार होत्या. सतरा वर्षांनी पद भरलं गेलं होतं. वैजयंती त्यांचं नाव, अकोल्याच्या, तिशीतल्या, परीक्षा पहिल्याच वेळी पास झालेल्या. कॉमर्सचे सर मेअखेर निवृत्त होऊन गेले होते. शनिवारी, २८ तारखेला, जानरावांच्या लक्षात आलं की सोमवारी नव्या ग्रंथपाल कार्यभार घेणार, पण देणार कोण? कागदावर देणारं कोणी उरलंच नव्हतं. प्राचार्यांनी नाइलाजाने एका ओळीचा आदेश काढला. 'श्रीमती बेबी सोमला राठोड यांना दि. ३० जूनपर्यंत प्रभारी ग्रंथपाल म्हणून नेमण्यात येत आहे.'

तो आदेश घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना दम लागला होता. फाटकापासून माझं घर चाळीस पावलांवर आहे.

"मॅडम, वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचला. पुन्हा वाचायला लावला.

"म्हणजे सोमवारी कार्यभाराच्या कागदावर माई सही. नुसती."

"नुसती," मी म्हणाले.

"जानरावले मी दोन डाव विचारलं. म्हणे, करिता लिहाचं काम नाई, आता तुमीच हाय."

रविवारी त्या पुन्हा आल्या. पिशवीतून बाद झालेली पुस्तक-कार्डं काढली आणि माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून कोऱ्या बाजूवर सही करायला लागल्या. सही, आणि खाली 'ग्रंथपाल'. एवढंच. पहिली थोडी वाकडी आली. "हात मोकळा सोड," मी म्हटलं. बारा कार्डं झाली. शेवटची सही इतकी सुंदर आली की त्या तिच्याकडे बघत बसल्या. मग विचारलं, "पेन कोणता नेऊ?" मी यजमानांचं शाईचं पेन दिलं.

सोमवारी मी निरोप समारंभाला म्हणून गेले होते. सभागृहात मुलं बसली होती आणि त्याआधी प्राचार्यांच्या खोलीत कागदोपत्री काम चाललं होतं. बेबीबाईंनी मोरपंखी साडी नेसली होती. वैजयंती त्यांच्या शेजारी अगदी कडेला बसली होती, सासरी आल्यासारखी. कपाटांच्या आणि टेबलाच्या चाव्या बेबीबाईंनी तिच्या हातात दिल्या. कुठली किल्ली कुठली ते सांगितलं, "ही जराशी उचलून फिरवजा, नाहीतर अडकते." मग जानरावांनी कागद पुढे सरकवला. तीन प्रती. 'कार्यभार देणार' आणि खाली छापलेलं, 'ग्रंथपाल'.

बेबीबाईंनी पेनाचं टोपण काढलं. पदर सावरला. तिन्ही प्रतींवर भराभर सह्या केल्या, सतरा वर्षांच्या सवयीने, न थांबता. आणि कागद जानरावांकडे फिरवला.

जानराव बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बेबीबाई."

"काय झालं?"

त्यांनी कागद उलटा फिरवून परत त्यांच्यासमोर ठेवला. मला बसल्या जागेवरून दिसलं. तिन्ही प्रतींवर, सही आणि छापलेल्या शब्दाच्या मधे, लहान नीट अक्षरात 'करिता' लिहिलेलं होतं.

बेबीबाई स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

"दुसरी प्रिंट काढतो," जानराव उठले. "दोन मिनिटाचं काम हाय."

"नका काढू."

"अहो, कोणाले समजते?"

"मले समजते ना. एक डाव लिहिलं ते लिहिलं. फाडून नवं केलं का ते खोटं होते." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "लाल पेन द्या. बाजूला 'नजरचुकीने' लिहितो आणि सही करतो. सर असंच कराले लावत."

जानरावांनी खण उघडला. निळी पेनं होती, काळी होती, मुलांचा जप्त केलेला हिरवा स्केचपेनही होता. "लाल पेन आता कोण ठेवते हो? सगळं कम्प्युटरवर." प्राचार्यांनीही खिसा चाचपला.

"ग्रंथालयात टेबलाच्या खणात हाय," बेबीबाई म्हणाल्या. आणि मग थांबल्या, कारण त्या खणाची किल्ली आता वैजयंतीच्या मुठीत होती.

वैजयंती लगेच उठली. "चला ताई, मी उघडून देते. तुमचाच खण आहे."

तेवढ्यात दारातून कोणीतरी सांगत आलं, सभागृहात मुलं खोळंबली आहेत, पाहुणे निघायचे म्हणतात. प्राचार्य म्हणाले, "चालतं हो बाई, कायद्याने काही बिघडत नाही. नंतर करा सावकाश." आणि सगळे उठले.

समारंभात बेबीबाईंना शाल मिळाली. चार मुली बोलताना रडल्या. त्यांना स्वतःला दोन शब्द बोलायला सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "पुस्तकाचा कान मोडू नका." पाच वाजता रीता गाडी घेऊन आली, ती रिसोडला शिक्षिका आहे. त्या मायलेकी गेल्या आणि 'नंतर' राहून गेलं.

बेबीबाई गावातच राहतात. महिनाभर माझ्याकडे आल्या नाहीत. श्रावणात वैजयंती आली, पहिल्यांदाच. मुलगी चांगली आहे. म्हणाली, "मॅडम, त्या कागदाची ग्रंथालयाची प्रत मी फायलीत लावलेली नाही. टेबलावरच ठेवली आहे आणि वर लाल पेन ठेवलं आहे. मी ताईंना दोनदा फोन केला. येतो येतो म्हणतात. तुम्ही सांगा ना."

मी सांगितलं. तेव्हापासून त्या पुन्हा माझ्याकडे यायला लागल्या, पण गुरुवारी नाही, शनिवारी. सकाळी दहाच्या सुमाराला येतात आणि ओट्यावर अशा बसतात की फाटक समोर राहील. मी विचारते, "आज जायचं का? मीही येते सोबत." त्या म्हणतात, "जाऊ. चहा तर होऊ द्या."

काल, ८ नोव्हेंबरला, आल्या तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि तांड्यावरचे ट्रक दोन दिवसांपूर्वीच भरून गेले होते. तीन मुली पुस्तकं घेऊन गेल्याचं त्यांना कुठून तरी कळलं होतं. वैजयंतीने दिली होती, पाच महिन्यांसाठी.

"देल्ले तिनं, चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "पण कम्प्युटरवर शनिवारची तारीख कोण मारते? आपोआप होत असन?"

"तूच विचार तिला."

अकराची घंटा झाली. समोर ग्रंथालयाची खिडकी उघडल्याचा आवाज आला, त्या खिडकीची वरची बिजागरी अजून करकरते. बेबीबाईंचा उजवा हात मांडीवर होता. अंगठा आणि दोन बोटं एकत्र येऊन किंचित खाली दाबली गेली, तारखेचा शिक्का दाबतात तशी. तीनदा.

"का जात नाहीस गं?" मी विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सरळ विचारलं. "कागद आहे, पेन आहे, ती मुलगी वाट बघते आहे. एका मिनिटाचं काम. एवढी वर्षं तेच तर हवं होतं."

त्या फाटकाकडे बघत होत्या.

"ते एक सही बाकी हाय ना मॅडम," त्या म्हणाल्या, "तवर माया कार्यभार पुरा गेला नाई. केली का गेला."

मग कप उचलून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी जाऊ." मी वहीत तारीख लिहून ठेवली आहे, १५ नोव्हेंबर. जूनमधल्या रविवारच्या त्या बारा कार्डांतलं शेवटचं कार्ड त्या माझ्या टेबलावर विसरून गेल्या होत्या, ते मी याच वहीत ठेवलेलं आहे. त्यावर सही आहे आणि खाली 'ग्रंथपाल'. मधली जागा कोरी आहे.